तळभाडं

घरून फोन आला की पोर्ट ब्लेअरची माणसं आधी मासे साफ करायला बसतात, असं सेल्वी म्हणायची. सरकारी कागदांवर गावाचं नाव बदलून बरीच वर्षं झाली होती, पण बोलण्यात ते पोर्ट ब्लेअरच राहिलं होतं. सेल्वीचा विनोद अर्धा खरा होता. बेटावरून बाहेर पडायचं तर एक जहाज होतं, तेही तीन-चार दिवसांनी चेन्नईला टेकणारं. नाहीतर विमान. आणि विमानाचं तिकीट घाईत, धास्तीत, डोळे भरलेले असताना काढायचं नसतं, हे इथल्या शाळकरी पोरांनाही ठाऊक होतं. हात कामात गुंतवायचे, मन रिकामं करायचं, आणि मग फोनच्या पडद्यासमोर चेहरा धरायचा.

मृणाल वैरागडे सागरी संशोधन केंद्रात प्रवाळांवर काम करायची. त्या दिवशी ती टाकीतल्या पाण्याची क्षारता तपासत होती, तेव्हा नागपूरहून चुलतभावाचा, आशुतोषचा फोन आला.

"ताई, कशी आहेस?"

"मी बरी आहे. तू बोल."

"काही नाही. तू आधी तिकीट काढ. मग बोलू."

पूर्वी मराठी घरांत माणूस गेला तरी परगावच्या लेकीला फोनवर 'जरा बरं नाहीये, येऊन जा' एवढंच सांगायचे. वाटेत तिचं काही होऊ नये म्हणून. आता तेवढंही सांगत नसत. बातमी कानावर पडली की छातीत ठोके वाढतात, आणि ठोके वाढले की भाडं वाढतं. म्हणून आधी तिकीट, मग बातमी. अर्थात 'आधी तिकीट काढ' हे चार घरांत चार वेळा ऐकल्यावर त्याचा अर्थ कोणाला कळायचा राहिला नव्हता.

मृणालने क्षारमापक खाली ठेवला. हात पुसले. टाकीच्या काचेवरचे शेवाळाचे ठिपके पाहत ती दोन-तीन मिनिटं सावकाश श्वास घेत राहिली. आपण कुठेच जाणार नाही आहोत, असं तिने स्वतःला सांगितलं. मग फोन उचलला, कॅमेऱ्याकडे पाहिलं, 'नागपूर' लिहिलं.

पडद्यावर हिरव्या चौकटीत आकडा आला. तळभाडं. त्याहून स्वस्त तिकीट विमान कंपनी कोणालाही देत नसे.

केंद्रातली तिची सहकारी सेल्वी खांद्यावरून डोकावली. "तळभाडं! सहलीला जाणाऱ्यांनासुद्धा मिळत नाही गं. मला शिकव एकदा."

मृणाल हसली. तिकीट काढून तिने आशुतोषला फोन लावला.

"काढलं. आता सांग."

"काका गेले, ताई. सकाळी. चहा पिता पिता."

*

यामागचं विज्ञान फार अवघड नव्हतं. विमान उडताना जे आसन रिकामं राहतं त्याची किंमत त्या क्षणी शून्य होते. ते उद्या विकता येत नाही. इंधन, वैमानिक, धावपट्टी यांचा खर्च मात्र माणसं भरली काय अन् न भरली काय, जवळपास तेवढाच. तेव्हा कंपनीच्या फायद्याचं एकच, प्रत्येक आसन प्रत्येकाला त्याची जेवढी द्यायची तयारी असेल तेवढ्यालाच विकायचं. ही तयारी कंपन्या पूर्वी अंदाजाने ठरवत. तिकीट किती दिवस आधी काढतोय, कितव्यांदा बघतोय, फोन महागाचा आहे का. अंदाज चुकायचे.

मग मोजता यायला लागलं. हृदयाच्या प्रत्येक ठोक्यासरशी चेहऱ्याच्या कातडीखाली रक्त येतं आणि ओसरतं, आणि कातडीचा रंग किंचित बदलतो. माणसाच्या डोळ्याला तो फरक दिसत नाही, साध्या कॅमेऱ्याला दिसतो. गावाचं नाव लिहिताना डोळ्याची बाहुली किती विस्फारली, आकडा दिसल्यावर बोट किती वेळ थबकलं, श्वास कुठे अडला, हे सगळं एकत्र केलं आणि लाखो प्रवाशांच्या अनुभवाशी ताडून पाहिलं की एक संख्या मिळते. हा माणूस कोणत्या भाड्याला मागे फिरेल, ते सांगणारी. कंपन्या तिला 'निकड' म्हणत आणि त्यावरच्या भाड्याला निकडभाडं. यंत्राला कारण कळत नाही. कोणी मेलंय, की लग्न आहे, की माणूस नुसताच कुठेतरी पळून जायला निघालाय, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. त्याला फक्त माप कळतं.

कॅमेरा बंद ठेवायची मुभा कायद्याने होती. तशा प्रवाशाला खुलं भाडं लागायचं, आणि ते फक्त मंत्र्यासंत्र्यांना परवडे. दुसऱ्याच्या चेहऱ्यावर तिकीट काढायचे प्रकार झाले, तेव्हा जो जाणार त्याचाच चेहरा हवा असा नियम आला. तरी ओरड झाली नाही. कारण सरासरी भाडं खरोखर उतरलं होतं. ज्यांनी जन्मात विमान पाहिलं नव्हतं ते गंमत म्हणून गोव्याला जाऊन येऊ लागले. ज्याला जायचंच होतं, त्याने त्यांच्या स्वस्त तिकिटांची भरपाई केली.

पण माणसं या मापाचं काय करतील, ते कोणी मोजलं नव्हतं. निकडभाडं आल्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीच घराघरांत एक प्रश्न सुरू झाला. तुला किती पडलं?

*

बातमी कळल्यावर मृणालने पुन्हा एकदा भाडं पाहिलं. कोलकात्यावरून एक लवकरचं विमान होतं. ते मिळालं तर कदाचित बाबांना शेवटचं बघता आलं असतं. या वेळी तिने श्वासबिश्वास काही केलं नाही. सरळ चेहरा धरला.

हिरवी चौकट. तळभाडं.

ती खुर्चीत बसली. बाबा गेले, असं ती मनात म्हणाली. मग मोठ्याने म्हणाली. त्यांचा चेहरा डोळ्यांपुढे आणला. विद्युत मंडळाच्या कचेरीतून सायकलवर येणारे बाबा, घडी करून ठेवलेलं वर्तमानपत्र, खाकरून घसा मोकळा करायची ती सवय. पुन्हा फोन उचलला. आकडा जागचा हलला नाही.

इतक्या वर्षांच्या सरावाने शरीर आपोआप गप्प बसायला शिकलं असेल, असं तिने स्वतःला समजावलं. शास्त्रीयदृष्ट्या ते शक्य होतं. दुसरीही एक शक्यता होती. तिने फोन पिशवीत टाकला आणि कपडे भरायला घेतले. कोलकात्याच्या विमानात जागा होती, पण ते पुढचं विमान गाठून देईल याची खात्री नव्हती. ती आधीच्याच तिकिटावर गेली. पोचली तेव्हा सगळं उरकलं होतं.

*

मानेवाड्यातल्या घरात माणसं सतरंजीवर दाटीवाटीने बसली होती. टोरांटोहून तिचा भाऊ, हर्षलदादा, तिच्यानंतर दोन दिवसांनी आला. त्याला पडलेल्या भाड्यात एखादी बरी मोटरसायकल आली असती. त्याने स्वतः हे कोणाला सांगितलं नाही. कुंदाआत्याला तेवढं सांगितलं, म्हणजे सगळ्यांना सांगितल्यासारखंच झालं. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला आत्या दारातच म्हणायची, "पाहा ना, पोरानं बापासाठी एवढं भरलं. मशीन काय खोटं बोलते?" आणि येणारा माणूस हर्षलकडे जरा वेगळ्या नजरेने बघायचा.

मृणाल पाण्याचे पेले गोळा करत असताना आत्याने तिला गाठलं.

"काय गं मृणाल, तुले किती पडलं?"

"पडलं बरंच, आत्या."

"बरंच म्हणजे? लपवासारखं काय हाय त्यात? बापासाठीच भरले ना?"

मृणालने क्षणभर पेल्यांकडे पाहिलं. "चौपट."

"चौपटच?" आत्याने भुवया वर केल्या. "सुरतच्या पुतण्याले पाचपट पडलं बाप्पा. अन् तो काय, सख्खा थोडीच होय."

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने ऐकलं. ती आत वळली.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाहुणे लवंडले होते, तेव्हा दोघी मेथी निवडत बसल्या. आईची बोटं लवकर चालायची. मृणालच्या एका काडीमागे तिच्या तीन व्हायच्या.

"तुझं तळभाडं आलं होतं ना?" आईने विचारलं.

मृणाल थांबली. "कोणी सांगितलं?"

"कोणी कशाला सांगेल? खोटं बोलताना तू नेहमी आकडा सांगतेस. शाळेत असल्यापासून. खरंच चौपट पडलं असतं तर त्या कुंदावर चिडली असतीस."

"आई, मला त्याचा सराव आहे गं. तिथे सगळेच करतात. म्हणून तसं—"

"मी कुठे काय म्हणून राहिले? पैसे वाचले, बरं झालं." आईने निवडलेली पानं टोपल्यात टाकली, काड्या बाजूला सारल्या. मग त्याच आवाजात म्हणाली, "माझं बघितलं असतं तर माझंही तेवढंच आलं असतं."

मृणालने मान वर केली नाही. आईनेही केली नाही. पण कितीतरी वर्षांनी दोघी एका बाजूला बसल्यासारखं तिला वाटलं.

बाबांनी आईवर कधी हात उगारला नव्हता. आवाजही फारसा चढवला नव्हता. फक्त आईने कुठे जायचं ठरवलं की त्यांचं काहीतरी निघायचं. टाकी धुवायची असायची, मीटरवाला येणार असायचा, रक्तदाब वाढलेला असायचा. भरलेली बॅग आई पुन्हा रिकामी करायची, साड्या कपाटात लावायची आणि डाळ शिजत टाकायची. मृणालने नोकरीसाठी देशाच्या नकाशावरचं सगळ्यांत दूरचं टोक निवडलं, तेव्हा सगळ्यांना ते प्रवाळांसाठी वाटलं होतं.

*

तेरवी झाली. मांडव उतरला, सतरंज्या परत गेल्या. हर्षलदादा दुसऱ्या दिवशी निघणार होता. आईचं पुढे काय, हा प्रश्न घरात सगळ्यांना ठाऊक होता आणि कोणी काढत नव्हतं. दुपारच्या चहाला तोच सुरू झाला.

"आई, तू माझ्याकडे चल," हर्षल म्हणाला. "व्हिसाचं बघतो मी."

"नको रे बाबा. ती थंडी मला झेपायची नाही. अन् तुम्ही दोघं दिवसभर बाहेर."

"ते आहेच म्हणा," हर्षल म्हणाला आणि त्याने बिस्कीट चहात बुडवलं.

आता पाळी मृणालची होती. "मग माझ्याकडे चल. थंडी तर मुळीच नाही."

पंगतीत वाढणाऱ्याने 'आणखी एक' म्हणायचं आणि जेवणाऱ्याने पानावर हात आडवा धरायचा, तसंच हे होतं. एकाने बोलवायचं, दुसऱ्याने नको म्हणायचं. पुन्हा बोलवायचं, पुन्हा नको. मग दोघांनी सुटकेचा श्वास टाकायचा, आणि कोणाच्या मनाला लागत नाही. मृणालने हे मनापासून विचारलं नव्हतं असं नाही. पण उत्तर काय येणार हे धरूनच विचारलं होतं.

"नको गं," आई म्हणाली. "मी इथे बरी आहे. तुझं काम असतं, तुला कशाला त्रास?"

"त्रास कसला? चल ना."

"बघू पुढे."

इथे संपायला हवं होतं. पण हर्षलदादा वीस वर्षं बाहेर राहिला होता. तिथे विचारलेल्याला उत्तर असतं आणि उत्तराला तारीख असते.

"पुढे कशाला? बघून तर ठेवू," म्हणत त्याने फोन काढला, नागपूर ते पोर्ट ब्लेअर लिहिलं आणि आईच्या चेहऱ्यासमोर धरला. "इकडे बघ, आई. हं, कॅमेऱ्याकडे."

"अरे, नको म्हटलं ना मी," आई म्हणाली. पण तिने बघितलं.

आकडा आला. चौकट लाल होती.

हर्षलने फोन स्वतःकडे वळवला, पुन्हा नीट पाहिलं. तो हसला, पण ते हसणं अर्ध्यातच राहिलं. "आई, एवढ्यात तर मी टोरांटोहून आलो."

"मशीन बिघडली असंल," कुंदाआत्या म्हणाली.

"उजेड मागून येऊन राहिला असेल. थांब." त्याने आईला खिडकीकडे तोंड करून बसवलं आणि पुन्हा फोन धरला. आकडा आणखी वर गेला. पहिला आकडा तिने पाहिला होता ना. त्या धक्क्याने ठोके वाढले होते.

आत्याने बशीतला चहा संपवला. आई पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळत होती. मान खाली होती आणि कानशिलं लाल झाली होती, जणू चारचौघांत तिचं काहीतरी उघडं पडलं होतं.

"मला नाही जायचं," ती म्हणाली. "मी सांगितलं ना, मला नाही जायचं."

मृणालला तो आकडा वाचता येत होता, कदाचित त्या खोलीतल्या इतर कोणाहीपेक्षा चांगला. एवढी निकड तिने कोणाच्या तिकिटावर पाहिली नव्हती. बापाच्या प्रेताला धावणाऱ्यांच्याही नाही. फोनवर आई नेहमी प्रवाळांचं विचारायची. ते जिवंत असतात का, त्यांना रात्र कळते का, वर्षातून एकदा त्यांचं बी पाण्यात सुटतं ते नुसत्या डोळ्यांनी दिसतं का. लेकीचं मन राखायला विचारते, असं मृणालला वाटायचं, आणि ती दोन वाक्यांत उत्तर देऊन फोन ठेवायची.

पैसे नव्हते असं नाही. तिच्या खात्यात तेवढे होते. थोडी ओढाताण झाली असती, एवढंच. तिला दिसलं ते वेगळं. केंद्रामागचं दोन खोल्यांचं घर. संध्याकाळी तिथे कोणी बोलत नाही. कपबशी जिथे ठेवली तिथेच सकाळी सापडते. ती शांतता मिळवायला तिला अर्धं आयुष्य लागलं होतं.

"बाप रे, फारच महाग आहे गं आई," ती म्हणाली. "जरा उतरलं की लगेच काढू."

खोलीत हालचाल सुरू झाली. "हो हो, आत्ता सीझन आहे," हर्षल म्हणाला. निकडभाडं आल्यापासून सीझनला काही अर्थ उरला नव्हता, हे त्यालाही माहीत होतं. "दिवाळीनंतर उतरतं," आत्या म्हणाली. आईनेही मान डोलावली. "उतरेलच की," ती म्हणाली आणि बश्या गोळा करायला उठली.

निघायच्या दिवशी, मृणाल बॅगेची चेन लावत असताना आई दारात येऊन उभी राहिली.

"ते भाडं उतरवायचं कसं, मला शिकवशील?"

*

शिकवणी रविवारी सकाळी व्हायची, व्हिडिओवर. पैसे मृणाल भरणार होती, म्हणून आईच्या चेहऱ्यावर निघालेलं भाडं तिच्याही पडद्यावर उघडायचं. आई चष्मा पुसून, केस विंचरून बसायची, परीक्षेला बसल्यासारखी. मृणालनेच तिला नियम सांगितले. लगेच भाडं बघायचं नाही. आधी चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर. पाय जमिनीवर. समोर एखादी निर्जीव वस्तू ठेवायची आणि तिच्याकडे बघायचं.

"काय ठेवू?"

"काहीही. डबा, वाटी."

आईने पितळी डबा ठेवला. पहिल्या रविवारी आकडा जवळपास तेवढाच राहिला.

"तू काय विचार करत होतीस?"

"काही नाही गं. तुझ्या स्वयंपाकघराला खिडकी कोणत्या बाजूला आहे, एवढंच."

"तेच करायचं नाही, आई. असं चित्र डोळ्यांपुढे आलं की बाहुली मोठी होते. यंत्राला लगेच कळतं."

"बरं. पण कोणत्या बाजूला आहे?"

"पूर्वेला. आता विसर ते."

आई विद्यार्थिनी चांगली होती. मृणालने सांगितलेलं ती वहीत न लिहिता लक्षात ठेवायची आणि आठवडाभर गिरवायची. तिसऱ्या-चौथ्या खेपेला भाडं उतरायला लागलं. आई खूश झाली, आणि त्या खुशीत केलेल्या दुसऱ्या प्रयत्नाला ते पुन्हा चढलं. दोघी हसल्या. मृणालने तिला खरी युक्ती सांगितली, तिने स्वतः जिच्या जोरावर इतकी वर्षं तळभाडं मिळवलं होतं ती.

"आपण जाणार नाही, असं आधी ठरवायचं. नुसतं म्हणायचं नाही, ठरवायचं. जाणं रद्द झालंय. बॅग रिकामी करून झालीये. आणि मग सहज बघायचं, किती आहे ते."

पलीकडे आईने पितळी डबा जरा मागे सरकवला.

"ते मला जमेल," ती म्हणाली.

त्यानंतर दर रविवारी भाडं पायरी पायरीने खाली आलं. आईने खिडकीचं विचारणं बंद केलं. मासे कोणते मिळतात, शेजारी कोण आहे, केंद्रात आलेल्या माणसाला टाक्या बघू देतात का, हे सगळं हळूहळू थांबलं. तिच्या बोलण्यात आता गल्लीतला रस्ता खोदल्याचं आणि गॅस महागल्याचं यायचं. इकडे मृणालच्या घरात मात्र काहीतरी उलटं घडत होतं. शिकवणी संपल्यावर ती फोन ठेवायची आणि खोलीतली शांतता तिला ऐकू यायची. एका रविवारी तिने दुसऱ्या खोलीतल्या नमुन्यांच्या बरण्या केंद्रात हलवल्या. पुढच्या रविवारी खाट आणली. सेल्वीने विचारलं तेव्हा म्हणाली, "आई येणारे."

भाडं तिपटीवर आलं, मग दुपटीवर. दुपटीला ती तिकीट काढू शकली असती. तिचं बोट त्या बटणापर्यंत गेलंही होतं. पण आईच म्हणाली, "आता एवढं उतरलंय तर थांब ना. उगाच कशाला भरायचे?" आणि मृणाल म्हणाली, "बरं, आणखी एक-दोन आठवडे." हिशेबाच्या दृष्टीने ते अगदी बरोबर होतं.

प्रवाळांचा मोसम जवळ येत होता. केंद्रात बोटींची, दिव्यांची जमवाजमव सुरू झाली. पौर्णिमेनंतरच्या दिवसांत, अंधार पडल्यावर, लक्षावधी गुलाबी दाणे एकाच वेळी पाण्यात सुटतात आणि वर तरंगत येतात. ते आईला दाखवायचं मृणालने ठरवलं होतं. बोटीवर एक जागाही सांगून ठेवली होती.

त्या रविवारी आईने फोन उचलला तेव्हा ती भाजी चिरत होती. केस विंचरलेले नव्हते. पितळी डबा दिसत नव्हता.

"आई, बसतेस ना? आज बघू या."

"बघितलं मी मघाशीच. थांब हं, दाखवते." तिने ओल्या हाताने फोन फिरवला, काहीतरी दाबलं, चेहरा समोर धरला. श्वास मोजले नाहीत, पाय टेकवले नाहीत. तिकडे कुकरची शिट्टी झाली आणि तिने त्या बाजूला पाहिलंसुद्धा.

हिरवी चौकट. तळभाडं.

"उतरलं!" मृणाल ओरडली. "आई, अगं तळाला आलं! कसं केलंस?"

"आज काही केलं नाही गं. नुसतं बघितलं."

"मग काढते मी तिकीट. पौर्णिमेच्या आधीचं. ते बी सुटताना दिसेल तुला, बोटीतून. डोळ्यांनी दिसतं, आई. तू विचारायचीस ना?"

"हो का," आई म्हणाली. तिने चिरलेली भाजी ताटलीतून कढईत लोटली. "काढ की. तुला हवं असेल तर काढ."

"मला हवं असेल तर म्हणजे? तुला यायचं नाही?"

"यायला काय, येईन." आईच्या आवाजात राग नव्हता. आडवा धरलेला हात नव्हता, की पुन्हा विचार अशी वाट बघणंही नव्हतं. मृणालने पडद्यावरचा तो चेहरा निरखून पाहिला. कॅमेरा जे बघतो ते सगळं तिला बघता येत होतं, आणि तिला काहीच सापडलं नाही. "मला काय गं, इथे काय अन् तिथे काय. ठेवू? पोळ्या व्हायच्यात अजून."

फोन बंद झाला. भाड्याचा पडदा मृणालच्या समोर उघडाच होता. आकड्याखाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं की या भाड्यात आसनं भरपूर आहेत, घाई करण्याचं कारण नाही.